सात पानांची वेल

सगुणाबाईंचा डावा हात टेबलावर उताणा ठेवून डॉक्टर आकांक्षानं मनगटाच्या दोन्ही कडा अंगठ्यांनी दाबून धरल्या आणि म्हणाली, "काकू, मूठ वळा. उघडा. परत वळा. आता सैल सोडा."

तळवा ज्वारीच्या पिठासारखा पांढरा पडला. आकांक्षानं करंगळीच्या बाजूचा आपला अंगठा उचलला. चार आकडे मोजायच्या आत तळव्यात लाली चढली आणि बोटांच्या टोकांपर्यंत पोचली.

"हा हात देईल," ती म्हणाली. उजव्या हातानं मघाशीच नकार दिला होता. तिथं एक नळी दाबली की तळवा पांढरा तो पांढराच राहत होता.

"देईल म्हंजी काय देईल, मॅडम?" धर्मराजनं विचारलं. हा सगुणाबाईंचा थोरला. हसनाबादला त्याचं पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान. जळालेली तार काढायची, नवी भरायची. आईच्या आजाराचं सगळं तो तारांच्या भाषेत समजून घेत होता.

"मनगटावरचं कातडं. त्याची शुद्ध रक्ताची नळी आणि अशुद्ध रक्ताची नळी, दोन्हींसकट. जिभेची डावी बाजू काढली की त्या जागी हा तुकडा बसवायचा, आणि मानेतल्या नळ्यांना याच्या नळ्या जोडायच्या. एकीतून रक्त आत, दुसरीतून बाहेर. रक्त फिरलं की जीभ झाली."

"अन् जोड बसला न्हाई तर?"

"तर तुकडा मरतो. मग बोलणं गेलं, तोंडानं घास घेणंही गेलं म्हणा."

सगुणाबाई या दोघांकडे बघत नव्हत्या. त्या आपल्या हाताकडे बघत होत्या. चाळीस वर्षं मिसरी घासली, तिनं जिभेच्या कडेला गाठ दिली. तिच्यापायी शब्द जड निघायचा. तरी त्या सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलल्या.

"इथं गोंदण हाये, लेकी."

होतं. मनगटापासून कोपराच्या दिशेनं चढलेली हिरवी-निळी वेल. सात पानं. जुन्या सुईचं काम, पण रेघ कुठं थरथरलेली नव्हती. एकच गोष्ट चमत्कारिक होती. वेलीला बुड नव्हतं. मनगटाच्या ऐन कडेला ती अशी थांबली होती, की कोणीतरी हिसकून तोडून नेली असावी.

"तुटली न्हाई ती," सगुणाबाई म्हणाल्या. "पुढं जायची होती. शालूच्या हातावर."

शालू त्यांची धाकटी बहीण. कुंभार पिंपळगावच्या बाजारात गोंदणारी बाई बसायची. सगुणा बारा वर्षांची, शालू नऊ. दोन बहिणींच्या हातांवर मिळून एकच वेल काढते, म्हणाली ती. हात हातात घेतला की मनगटाला मनगट लागून वेल जुळेल. सगुणेची सात पानं झाली. मग शालू बसली, सुई टोचली आणि रडत उठून पळाली.

"राह्यलेली पुढच्या बाजारी काढू म्हणली बाई. जाता जाता आईला बोलली, दोन हातांची वेल अर्धी ठेवू नका. ती आपली जोड हुडकीत राहती." सगुणाबाईंनी थुंकी गिळली. गिळताना त्यांचे डोळे बारीक झाले. "पुढचा बाजार यायच्या आधी शालू विहिरीत गेली."

धर्मराजनं खिडकीबाहेर तोंड केलं. घरात हे नाव कोणी घेत नसावं, हे आकांक्षाला त्याच्या पाठीवरून कळलं.

"कातडं उचला," सगुणाबाई म्हणाल्या. "माझं काही म्हणणं न्हाई. फक्त तिला जिभीखाली अंधारात दडपू नका. तोंड उघडलं की तिला उजेड लागावा, अशी बसवा."

आकांक्षा हो म्हणाली. पोरीची आई झाल्यापासून तिला हो म्हणायची घाई व्हायची. अर्पिता नऊ महिन्यांची होती. शब्द तोंडातून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण अडचण ओढवून घेतली. बसवलेला तुकडा जगतोय का मरतोय हे सगळ्यात आधी त्याचा रंग सांगतो. गुलाबी असला तर ठीक. निळसर झाला तर रक्त आत जातंय पण बाहेर पडत नाही. आणि ही वेल तर मुळातच निळसर. दिसायला ठेवायला हवी कोरी बाजू, आणि खाली घालायला हवी वेल.

*

जालन्यात असं ऑपरेशन तिचं स्वतःचं पहिलंच. शहरात शिकताना तिनं पुष्कळ जोड घातले होते, पण मागे कोणीतरी मोठं उभं असायचं. इथं मागे मायक्रोस्कोपची पेटी होती आणि पेटीमागे भिंत.

गाठ काढायचं काम डॉक्टर राधेश्यामांनी केलं. ते तिच्याहून वीस वर्षांनी मोठे, हात देवाचा आणि तोंड तिखट. जिभेचा डावा भाग निघाला, मानेतल्या नळ्या मोकळ्या झाल्या, आणि आकांक्षानं मनगटावरचा तुकडा उचलून तोंडात बसवायला घेतला तेव्हा ते मास्कमागून म्हणाले, "वेल वर? तू सर्जन आहेस का माळीण?"

"शब्द दिलाय सर."

"रंग कसा कळणार?"

"कडेला दोन बोटं कोरी जागा आहे. तिथं बघू."

त्यांनी दिवा त्या कोऱ्या जागेवर वळवला.

मग मायक्रोस्कोप आला आणि जग ताटलीएवढं झालं. शुद्ध रक्ताची नळी शेवईएवढी, जाड भिंतीची, उघड्या तोंडाची. दोरा बाळाच्या जावळापेक्षा बारीक. हातात धरला तरी दिसत नाही, फक्त भिंगाखाली असतो. एक टाका, श्वास. दुसरा टाका, श्वास. आठ टाक्यांत ती जुळली. अशुद्ध रक्ताची नळी मात्र ओल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखी, स्वतःवरच चिकटणारी. मिठाच्या पाण्याची धार सोडली की तोंड उघडायची, थांबवली की मिटायची. तिला दहा टाके लागले.

शेवटच्या टाक्याची गाठ बसत होती तेव्हा पलीकडं, जिथं मदतनीस डॉक्टर रिकाम्या मनगटावर मांडीचं पातळ कातडं शिवत होते, तिथून आवाज आला, "हात हलला."

सगुणाबाईंच्या डाव्या हाताची बोटं वळली होती. मूठ नव्हती ती. मधे जागा ठेवून वळलेली, दुसरा एखादा लहान हात आत असावा तशी. भूलतज्ज्ञांनी औषध वाढवलं. बोटं सैल झाली, पण उघडली नाहीत.

आकांक्षानं चिमटे सोडले. मानेतून रक्त तुकड्यात गेलं, आणि मेणासारखं पडलेलं ते कातडं बघता बघता गुलाबी होत गेलं, कडांना लाल थेंब उभे राहिले. नळीवर तिनं यंत्राची पेन्सिल टेकवली. शुद्ध नळी बोलली: सूं-ठाक, सूं-ठाक. गेल्या वर्षी स्वतःच्या पोटावर असंच यंत्र टेकवून ती असाच आवाज ऐकत पडून राहायची. मग तिनं पेन्सिल दुसऱ्या नळीवर नेली. तिथं ठोके नसतात, नुसता घुमता आवाज असतो. तो होता. रिकाम्या विहिरीवर ओणवून कोणी हूं म्हणावं आणि तळातून परत यावा, तसा.

तोंडात दिवा धरून तिनं पानं मोजली. सात. फोटो काढून ठेवला.

*

दर तासाला तुकडा तपासायचा, हा पहिल्या तीन दिवसांचा नेम. ते काम अलमास सिस्टरकडे. अलमास जालन्याचीच. घरी उर्दू आणि दवाखान्यात तिची स्वतःची मराठी बोलायची, आणि काम जपाच्या तसबीचे मणी ओढावे तसं करायची. पहिल्याच दिवशी तिनं आपली रीत काढली. तोंडात बॅटरी धरायची आणि पानं मोजत आत जायचं. सातवं पान मोजलं की नजर शेवटच्या कडेपर्यंत पोचली, काही बघायचं राहिलं नाही. आकांक्षाला ती रीत आवडली. तिनं तक्त्यात एक रकाना वाढवला: ठोका, रंग, ऊब आणि पानं.

सगुणाबाई शुद्धीवर होत्या, पण बोलता येत नव्हतं. श्वासासाठी गळ्यात नळी, ती जागची हलू नये म्हणून मानेभोवती पट्टी. नाकातून दुसरी नळी. काही सांगायचं तर उशाशी पाटी.

पहिल्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला अलमासनं पाहिलं, की त्यांचा बांधलेला डावा हात उशीवरून घसरून पलंगाच्या कडेला लोंबतोय. तो उंच ठेवायचा असतो, सूज उतरायला. तिनं उचलून उशीवर ठेवला. कपाटातून चादर काढून वळली, तर हात परत खाली. तळवा किंचित उघडा, पुढे केलेला. जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर, जेवढ्या उंचीवर नऊ वर्षांच्या पोराचा हात येतो.

"आपा, हात वर ठेवा ना," अलमास म्हणाली.

सगुणाबाई दाराकडं बघत होत्या. उजव्या हाताची बोटं हळूहळू हलत होती: ये, ये. दारात कोणी नव्हतं. पंख्याचं वारं पडद्याला लागत नव्हतं, तरी पडद्याची खालची कड तेवढी हलत होती. मग त्यांनी पाटी घेतली, तिच्यावर एक पान काढलं, आणि पाटी दाराच्या दिशेनं उभी धरली.

त्याच वेळी धर्मराज मोसंबीचा रस घेऊन आला होता. आईला नळीतून द्यायचा असतो हे विसरून. त्यानं पाटी पाहिली आणि तांब्या तसाच खाली ठेवला.

बाहेर येऊन तो आकांक्षाला म्हणाला, "मॅडम, आई मावशीला बोलवून राह्यली."

"औषधांनी भास होतात, धर्मराज. दोन दिवसांत जातील."

"लहानपणी आईला ताप आला की असंच करायची. आजी मंग दार लावून घ्यायची भर दुपारी." तो कसनुसं हसला. "मी तारांचा मानूस. मला ह्यातलं काही पटत न्हाई. पन तुम्ही ती वेल वर कामून ठेवली?"

तुमच्या आईनं सांगितलं म्हणून, असं आकांक्षा म्हणाली, आणि ते तिचं तिलाच पोरकट वाटलं.

*

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती घरी गेली. घर दवाखान्याच्या मागच्या गल्लीत. अर्पिताला मांडीवर घेऊन, डोळे मिटून, ती फक्त तेवढीच आई होऊन बसली. पोर पीत होती आणि एका हातानं तिच्या मनगटाशी खेळत होती. बाहेर ऊन असं, की कावळ्याचाही आवाज नव्हता.

बाराला दहा कमी असताना फोन वाजला.

"मॅडम," अलमास म्हणाली, "पानं आठ भरून राह्यले."

"काय?"

"आठ. तीनदा मोजले. दस बजे सात होते, ग्यारा बजे सात. आता आठ."

"अलमास, गोंदण वाढत नसतं."

"मला मालूम आहे वाढत नसतं. म्हणून तर फोन केला."

"ठोका?"

"ठोका बराबर. रंग निळा, पण तो पहिल्यापासून निळाच. ती कोरी कड दिसत न्हाई. सूज आली ना, दाताखाली दबली."

आकांक्षानं अर्पिताला छातीपासून अलग केलं. पोर रडली नाही. आईच्या मागे, दाराकडं बघून हसली. आकांक्षानं वळूनही पाहिलं नाही. पोरीला सांभाळायला घरी असलेल्या आपल्या आईच्या हातात देऊन ती पायात सापडेल ती चप्पल घालून निघाली.

तोंडात दिवा धरला तेव्हा सातच्या सात पानं जागच्या जागी होती. आणि वेलीचं जे टोक मनगटाशी तुटल्यासारखं थांबायचं, त्याच्याही पुढं, जिथं काहीच नव्हतं तिथं, एक पान होतं. लहान. इतरांच्या निम्म्यानं. तिनं ऑपरेशनच्या वेळचा फोटो काढून शेजारी धरला. फोटोत तिथं कोरं गुलाबी कातडं होतं.

तिचे हात आपलं काम ओळखत होते. तिनं सुई घेतली आणि त्या आठव्या पानात टोचली. तुकडा ठीक असेल तर थेंब लाल निघतो, आणि सावकाश निघतो. हा लगेच आला. काळा, जांभळाएवढा काळा, आणि थांबेना.

रक्त आत जात होतं. बाहेर पडत नव्हतं. ठोका बराबर होता, कारण आत जायची नळी उघडीच होती. बाकी सगळा निळेपणा वेलीनं स्वतःच्या रंगात लपवला होता. ते एक पान नसतं तर संध्याकाळपर्यंत कोणाला काही कळलं नसतं, आणि संध्याकाळी कळून उपयोग नव्हता.

"ऑपरेशन थिएटर उघडा," ती म्हणाली. "सरांना बोलवा." आणि मान तपासायला तिनं श्वासनळीची पट्टी बोटानं उचलली.

पट्टीखाली काळा दोरा होता. पाच गाठींचा. सुजलेल्या मानेत तो रुतून बसला होता, आणि ज्या जागी खाली अशुद्ध रक्ताची नळी जोडली होती, ऐन त्या जागेवर एक गाठ.

अलमासचा चेहरा उतरला. "सकाळी नऊला मी औषधं आणायला गेल्ते. तेवढंच."

दारात धर्मराज उभा होता. त्याला काही विचारावं लागलं नाही.

"केदारखेड्याला एक म्हातारा देतो दोरा," तो म्हणाला. "पहाटंच गेल्तो गाडीवर. मावशीनं आईला नेऊ न्हाई म्हणून. बोट जाईल इतका ढिला बांधल्ता मॅडम, आईशप्पत. मंग मान सुजली का काय..." जन्मभर तारा गुंडाळलेले त्याचे हात नुसते हवेत राहिले.

आकांक्षानं दोरा कापला. रागवायला तिच्याकडं वेळ नव्हता. आणि खरं तर तोंडही नव्हतं. वेल वर ठेवणारी ती, दोरा बांधणारा तो. दोघांनीही सगुणाबाईंच्या मायेपोटीच केलं होतं.

दोरा सुटला तसा सगुणाबाईंनी उजव्या हातानं पाटी चाचपली. तिच्यावर कालचंच पान होतं, पुसट झालेलं. त्यांनी ते आकांक्षाला दाखवलं, आणि बोटानं स्वतःच्या तोंडाकडं खूण केली. त्यांना वेदना होत्या, पण भीती नव्हती. एवढं आकांक्षाला दिसलं.

*

मानेचे टाके उघडले. बाहेर नेणारी नळी फुगून काळी झाली होती, जोडाच्या आत रक्ताची गुठळी, मंगळसूत्राच्या मण्याएवढी. तिनं गुठळी काढली, नळीचं बिघडलेलं टोक कापून टाकलं, आत पाणी मारून स्वच्छ केलं. मग दोन्ही टोकं जवळ आणली.

पोचेनात.

तांदळाच्या दाण्याएवढं अंतर राहत होतं. ओढून शिवता येत नाही; ताणलेला जोड तासाभरात परत बंद पडतो. पायातून नळीचा तुकडा काढून मधे घालायचा तर आणखी दीड तास, आणि तुकड्याजवळ दीड तास नव्हता. नऊला दोरा, बाराला पान, आता वाजला एक. छातीवर कपड्याला ओल येत होती. घरी पोर भुकेली असेल, हे अंगाला तिच्या आधी कळलं होतं.

"परत बघ," राधेश्याम म्हणाले. आज ते तिखट नव्हते.

तिनं परत बघितलं. चिमट्यानं टोक उचललं, नुसतं उचललं, ओढलं नाही. भिंगाखाली ती पापुद्र्यासारखी नळी पाण्यात हलली, जशी वेलीची कोवळी दोरी आधार शोधते तशी हलली, आणि दुसऱ्या टोकाला जाऊन लागली. ताण नव्हता. दाण्याएवढं अंतर कुठं गेलं ते तिला कळलं नाही.

"मान थोडी वळवली मी," राधेश्याम थोड्या वेळानं म्हणाले. "म्हणून पोचली."

त्यांचे दोन्ही हात तिच्या समोर होते. चिमटा आणि कात्री धरलेले. तिनं सुई उचलली. एक टाका, श्वास. दुसरा टाका, श्वास. अकरा टाके.

नळी उघडली तसं काळं रक्त आधी वाहून गेलं, मग लाल आलं. यंत्राची पेन्सिल टेकवली. तळातून परत येणारा तो हूं परत आला. या खेपेला तो एकट्याचा वाटला नाही. दोन आवाज, एक थोडा बारीक, एकमेकांवर पडलेले. तिनं पेन्सिल उचलली आणि पुन्हा टेकवायचं टाळलं.

तासाभरात निळसर झाक ओसरली. कोरी कड गुलाबी झाली. आठवं पान मात्र तिथंच राहिलं.

"साकळलेलं रक्त आहे," तिनं तक्त्यात लिहिता लिहिता अलमासला सांगितलं. "हिरवं होईल, पिवळं होईल, तीन आठवड्यांत जाईल."

"हौ मॅडम," अलमास म्हणाली, आणि पानांच्या रकान्यात आठ लिहिलं.

*

सव्वा महिन्यानं सगुणाबाई दाखवायला आल्या. गळ्यातली नळी गेली होती, नाकातली गेली होती. मऊ भात खात होत्या. शब्द ओले निघत, शेवटची अक्षरं घसरत, पण कळत.

"आ करा, काकू."

आकांक्षानं दिवा धरला. नवी जीभ जुन्या जिभेशी एकजीव झाली होती. सात पानं. आणि त्यांच्या पुढं आठवं. पिवळं झालं नव्हतं, विरलं नव्हतं. हिरवं-निळं, कडा स्वच्छ, जुन्या सुईनं काढल्यासारखं. फक्त त्याचं देठ थोडं वाकडं होतं. गोंदताना हात हिसकला तर येतं तसं.

तिनं चमच्याच्या मागच्या टोकानं त्या पानावर हलकेच दाबलं.

सगुणाबाईंचा डावा हात मांडीवरून उचलला गेला.

"लागलं का जिभेला?"

"जिभीला न्हाई." त्यांनी मनगटाकडं पाहिलं, जिथं आता मांडीचं चकचकीत कातडं होतं आणि वेल नव्हती. "इथं. धरल्यावानी."

असं होतं कधी कधी. कातडं जागा बदलतं, पण त्याच्या मज्जातंतूंना जुना पत्ता आठवत राहतो. आकांक्षानं हे पुस्तकात वाचलं होतं, आणि आता ते सांगायला तोंड उघडलं होतं.

"तुमाला एक सांगायचं राह्यलं, लेकी," सगुणाबाई म्हणाल्या. "शालू पळाली म्हणलं ना मी. ती बसल्या बसल्या न्हाई पळाली. एक पान झाल्तं तिचं. एकच. तेवढ्यात सुई लागली अन् तिनं हात वढला." त्यांनी जीभ टाळूला लावली, आत काही चाचपावं तशी. "देठ वाकडं आल्तं त्याचं. चिडवायची मी तिला."

बाहेर अलमास पुढच्या पेशंटचं नाव पुकारत होती. आकांक्षानं दिवा बंद केला.

"भीती वाटती का, काकू?"

"तिची?" सगुणाबाईंना हसू आलं, नव्या जिभेला ते नीट पेलता येत नव्हतं, ओठांच्या कडेनं सांडलं. "बारीक हाये ती अजून. तिला काय भ्यायचं."

त्या उठल्या. दारापाशी गेल्या, पडदा बाजूला केला आणि बाहेर पडून तो तसाच धरून उभ्या राहिल्या, जेवढा वेळ एका माणसाला मागून यायला लागतो तेवढा. मग सोडला. डावा हात अंगापासून थोडा दूर, तळवा किंचित उघडा.

खिडकीतून आकांक्षाला फाटक दिसत होतं. धर्मराजनं मोटारसायकल चालू केली. "बसली का नीट?" त्यानं विचारलं. सगुणाबाई मागं बसल्या, सीटच्या अगदी मागच्या कडेला.

"सरक की पुढं, आई. पडशील."

"न्हाई पडत," त्या म्हणाल्या. "चल तू. सावकाश चालीव."

गाडी उन्हात रस्त्याला लागली. मायलेकाच्या मधे एका लहान अंगाची जागा रिकामी होती, आणि सगुणाबाईंचा डावा हात त्या जागेभोवती घट्ट धरलेला होता.